साडेचारची पांढरी वाइन

मामा, तुझ्या कपड्यांना कसलाच वास नाही.

आई तुला वसईला पोचवून परत आली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही अल अमेरातची तुझी खोली आवरायला गेलो. तिने कपाटातला एक शर्ट काढून तोंडाशी धरला. मग तो माझ्या हातात देऊन म्हणाली, "बघ गं, विल्सनचा वास येतोय का?" मी हुंगून पाहिला. धुतलेल्या सुती कापडाचा वास होता, बाकी काही नाही. या आखाती शहरात लिफ्टमध्येसुद्धा अत्तर आणि ऊद आपल्या आधी चढलेले असतात. तू मात्र पंचवीस वर्षं बिनवासाच्या साबणाने अंघोळ केलीस, डोक्याला तेल लावलं नाहीस, कुणी सेंटची बाटली भेट दिली तर ती न उघडता पुढे देऊन टाकलीस. वाइन देणाऱ्याला स्वतःचा वास असून चालत नाही, म्हणायचास. मी हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "जाताना तरी थोडा ठेवायचा होता."

मी तुझ्यासोबत वसईला आले नाही. रजा मिळत होती, तिकीटही मिळालं असतं. आईला वाटतं, ऑफिसात काम होतं. खरं कारण तुला माहीत आहे असं मला इतके दिवस वाटत होतं. आता वाटतं, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तेच सांगायला बसले आहे. मराठीत लिहिते आहे, कारण आपलं हे सगळं मराठीतच झालं. चुका होतील. इंग्रजी शाळेतल्या मुलीच्या चुकांना तू कधी हसला नाहीस.

कोविडनंतर तुझं हॉटेल पुन्हा उघडलं त्या महिन्यातला तो शुक्रवार आठवतो? अल हैलला आमच्याकडे जेवायला आला होतास. आईने सुरमई तळली होती, आणि दारूच्या परवान्यावर घेतलेली शाब्लीची एक बाटली तू कापडात गुंडाळून, बाळासारखी मांडीवर घेऊन टॅक्सीतून आणली होतीस. फ्रान्समधली पांढरी वाइन आणि आईची सुरमई यांचं लग्न लावायचं तुझ्या मनात कधीपासून होतं. आईला वाइनमध्ये काडीचा रस नव्हता. एवढं महागाचं आंबट पाणी, त्यापेक्षा लिंबू सरबत बरं, हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. तू ग्लास फिरवलास, डोळे मिटून नाक आत घातलंस आणि म्हणालास, "ओला दगड. भरती ओसरल्यावरचा."

मी माझा ग्लास नाकाशी नेला. त्यात दगड नव्हता, समुद्र नव्हता. पाण्यात भिजून तसाच पडून राहिलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा कुबट वास होता. बुचामुळे कधी कधी बाटली अशी खराब होते, हे मला तुझ्याकडूनच कळलं होतं. ग्लास खाली ठेवताना माझं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं. तिथे कढईतला मसाला करपत होता. मला तो खोलीच्या पलीकडून कळला होता. तू दाराला पाठ लावून बसला होतास, सगळ्यांत जवळ, आणि तुला पत्ताच नव्हता. आई धावत आत गेली तेव्हा तू दचकून वळलास.

मी काही बोलले नाही. मी कधीच काही बोलत नाही, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. मी वाइन प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. तूही प्यायलास. मधे एकदा तू माझ्या ग्लासकडे पाहिलंस आणि मग माझ्याकडे.

आठवडाभराने, साडेचार वाजता, तू माझ्या ऑफिसात आलास. ऑफिस कसलं, तुझ्याच रेस्टॉरंटच्या मागची खोली. तिथे बसून मी लग्नांच्या आणि मेजवान्यांच्या ईमेलना उत्तरं द्यायचे आणि मेन्यू टाइप करायचे. ती नोकरी मला तूच सुचवली होतीस, कारण तिथे कुणाच्या तोंडासमोर बोलावं लागत नाही. तुझ्या हातात ट्रे होता आणि त्यावर दोन ग्लास, वर रुमाल झाकलेला.

"ए बाय, जरा वास घे. काय आठवतं ते सांग. नाव सांगू नकोस."

मी म्हटलं, "लेमन."

"लेमन पुस्तकात असतं. तुझ्या नाकात काय आहे?"

मला शब्द सापडेना. खिडकीतून समुद्र दिसत होता. उन्हाळ्यात होतो तसा, आभाळासारखाच पांढरा, कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते न कळणारा. मी पुन्हा वास घेतला आणि म्हटलं, "सुरी. लिंबू कापलेली सुरी."

तू इतका खूश झालास की रुमाल खाली पडला.

त्या दिवशी मी माझ्यापुरतं सगळं समजून घेतलं. कोविडच्या तापात तुझं नाक गेलं होतं आणि ते परत आलं नव्हतं. हॉटेलात कुणाला कळलं तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर व्हिसा जाईल. म्हणून तू शिकवण्याचं निमित्त करून रोजच्या बाटल्या माझ्याकडून तपासून घेत होतास. मी तुझं नाक झाले होते. आपण दोघं ते कधीही तोंडाने बोलणार नव्हतो, आणि न बोलणं तर माझ्या हातचा मळ. मामा, इतकं महत्त्वाचं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

अडीच वर्षं. रोज साडेचार वाजता, रेस्टॉरंट रिकामं असताना. टेबलांवर पांढऱ्या चादरी, एसीच्या वाऱ्याने पडदे किंचित हलताहेत, समुद्राकडून येणारा उजेड छतावर थरथरतोय. कधी कधी वाटायचं, आपण पाण्याखाली बसलो आहोत. तू ग्लास पुढे सरकवायचास आणि मी डोळे मिटायचे. हॉटेलच्या हिरवळीवर सकाळी मशीन फिरल्यावर येतो तो वास आला, की तू म्हणायचास, "सान्सेर. बकरीच्या चीजबरोबर दे, दुसरं काही शोधू नकोस." पांढरी मिरी नुकतीच कुटल्यासारखं वाटलं की तो ऑस्ट्रियाचा ग्रूनर, उकडलेल्या हिरव्या भाज्यांचा एकमेव मित्र. ओठांवर मीठ राहिलं की स्पेनचा अल्बारिन्यो, भाजलेल्या कोळंबीसाठी. वास मी सांगायचे, नाव तू सांगायचास. एकाकडे कुलूप आणि दुसऱ्याकडे किल्ली. तुरट, उग्र, आंबूस, खमंग, कुबट हे शब्द मला शाळेने दिले नाहीत, आईनेही फारसे दिले नाहीत. एकेक ग्लास हुंगत मी ते तुझ्याकडून गोळा केले.

फार थंड वाइन मुकी होते, म्हणायचास. जरा वेळ हातात धर, मग बोलते. हे सांगताना तू माझ्याकडे बघायचास. ते मला आता आठवतं.

रमजानात बार बंद व्हायचा. तेव्हा तू मला दुपारी सीबच्या जुन्या बाजारात न्यायचास. वाळवून काळ्या झालेल्या लिंबांची पोती, लोबानचे खडे, सुकवलेले मासे, वेलदोडे. आपण एकेका दुकानापुढे घटकाभर उभे राहायचो, तू मला विचारायचास आणि मी हळू आवाजात सांगायचे. हलव्याच्या दुकानाशी मी म्हटलं, गुलाबपाणी, आणि लिचीसारखं काहीतरी. तू अल्सासच्या गेव्हुर्ट्सट्रामिनरचं नाव घेतलंस. ते नाव मला तीनदा म्हणूनही जमलं नाही. "याचा वास गोड, चव तेवढी गोड नाही," म्हणालास. "म्हणून हलव्याबरोबर कधी देऊ नकोस. हलवा जिंकेल, वाइन तोंड पाडून बसेल. तिला जिऱ्याचं काहीतरी दे." तो दुकानदार म्हातारा, इतकी वर्षं तुला ओळखणारा. आपण काय घ्यायला आलो ते त्याला कधीच कळलं नाही, पण वास घेऊ द्यायचा.

आपण दोघंही युरोपात कधी गेलो नाही. तू मात्र मोझेल नदीबद्दल असा बोलायचास, जणू तिच्या काठी तुझी शाळा होती. काळ्या पाटीच्या दगडाचे उभे उतार, त्यावर द्राक्षांच्या रांगा, खाली नदी अशी वळलेली की तिला परत यायचं असावं. सगळं बाटलीच्या लेबलांवरून आणि पाहुण्यांच्या गप्पांवरून. अल अमेरातला डोंगरातून उतरणाऱ्या रस्त्यावर तू एकदा टॅक्सी थांबवलीस. समोर सगळे उघडे, काळपट डोंगर, गवताचं पातंही नाही. "याच्यावर द्राक्षं लावली तर?" म्हणालास. मी म्हटलं, पाणी कुठून आणणार? नंतर कितीतरी दिवस तो रस्ता उतरताना मला त्या डोंगरांवर हिरव्या रांगा दिसायच्या. अजून दिसतात.

आपलं एकच भांडण कधी मिटलं नाही. आईच्या तिखट-आंबट इंदयाल रश्श्याबरोबर कुठली पांढरी वाइन टिकेल यावर मी म्हणायचे, कुठलीच नाही, पाणी द्यावं. तू म्हणायचास, टिकेल, जरा गोडसर हवी, थोडी जिद्द हवी. आई म्हणायची, तुम्ही दोघं आधी जेवा.

आणि मग ते दुसरं भांडण झालं.

आठ पाहुण्यांसाठी पाच पांढऱ्या वाइनचं जेवण ठरलं होतं. मेन्यू मी टाइप केला. तिसऱ्या वाइनखाली, मोझेलच्या रिसलिंगखाली, तू पेनने माझं नाव लिहून दिलं होतंस. म्हणजे त्या वाइनबद्दल पाहुण्यांपुढे उभं राहून मी बोलायचं. मी ते नाव टाइप केलं नाही. छापून आलेला कागद घेऊन तू माझ्याकडे आलास.

"नाव कुठे गेलं?"

"मी नाही बोलणार, मामा."

"दोन वाक्यं. आठ माणसं. खाणार नाहीत तुला."

मी नको म्हटलं. तू पुन्हा विचारलंस. अडीच वर्षांत तू मला कधी आग्रह केला नव्हतास. त्या दिवशी सोडेचना. आणि माझ्या तोंडून ते निघालं. माझ्या हातात ग्लास होता आणि आवाज माझा वाटत नव्हता.

"तुला मी नकोय, मामा. तुला माझं नाक हवंय. तुझं नाक गेलंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी नसते तर यांनी तुला केव्हाच वसईला पाठवलं असतं."

तू माझ्या हाताकडे पाहिलंस. मग म्हणालास, "ग्लास खाली ठेव बाय. दांडा मोडेल."

दुसऱ्या दिवशी साडेचारला तू आलास. ग्लास ठेवलास. मी फॉर्म भरल्यासारखं सांगितलं, ठीक, ठीक, खराब. काय आठवतं ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. असे नऊ दिवस गेले. रोज मी ठरवायचे, उद्या सॉरी म्हणेन. रोज तू ट्रे उचलायचास आणि माझी खुर्ची जराशी आत ढकलून जायचास, नेहमीसारखा. दहाव्या दिवशी तू आला नाहीस. तुझ्या खोलीचं दार शेजाऱ्यांनी उघडलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच.

म्हणून मी वसईला आले नाही. तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

आठवड्याने रीमाने मला बोलावलं. रीमा म्हणजे तुझी मॅनेजर, बैरूतची. तिला मी इतकी घाबरायचे की जिन्यात दिसली तर लिफ्ट घ्यायचे. मला वाटलं, सगळं उघड झालं. मी खुर्चीच्या कडेवर बसले आणि ती विचारण्याआधीच म्हणून टाकलं की मामांचा काही दोष नाही, बाटल्या मी तपासत होते, एकही खराब बाटली टेबलावर गेली नाही.

ती गोंधळली. म्हणाली, बाटल्या तर मी तपासायचे. रोज चार वाजता, विल्सनसोबत.

मामा, मला कळायला वेळ लागला. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आमच्याकडच्या त्या शुक्रवारच्या जेवणानंतर, दुसऱ्याच दिवशी सकाळी तू तिच्यापुढे जाऊन उभा राहिलास. थोडा थोडा वास परत येतोय असं मनाला समजावत होतो, पण काल बहिणीकडे खराब बाटली उघडली आणि मला कळलं नाही, असं तू तिला सांगितलंस. माझ्या भाचीला कळलं, ते मी तिच्या तोंडावरून ओळखलं, पण ती गप्प बसून पूर्ण ग्लास प्यायली, असंही म्हणालास. रीमाने तुला दिवसाच्या कॉफी शॉपमध्ये बदली देऊ केली. तू थोडा वेळ मागितलास. तुझं वाक्य तिला तसंच्या तसं आठवत होतं.

"नाक आहे माझ्याकडे. फक्त ते अजून बोलत नाही."

म्हणजे चार वाजता तुम्ही दोघं सगळ्या बाटल्या बघून मोकळे व्हायचात, आणि साडेचारला तू माझ्याकडे यायचास. मी खराब म्हणून बाजूला काढलेला प्रत्येक ग्लास तू मुद्दाम आणला होतास. मी तुझं काहीच वाचवत नव्हते. मी तुला वाचवते आहे या समजुतीवर अडीच वर्षं ताठ मानेने या हॉटेलात चालत होते, आणि ती समजूत तू मला रोज एका ट्रेमधून आणून देत होतास.

मला तुझा राग आला. खरंच आला, अजून आहे. सांगायला काय झालं होतं? मग वाटतं, सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवसापासून डोकेदुखीचं कारण काढून घरी गेले असते. स्वतःसाठी मी काही केलं नसतं. तुझ्यासाठी म्हणून सगळं केलं. हे तू ओळखलंस आणि वापरलंस. मी तुला म्हटलं होतं की तू मला वापरतोस. ते बरोबरच होतं, मामा. फक्त कशासाठी, ते मला कळलं नव्हतं.

आपल्या भांडणाबद्दल मी रीमाला काही सांगितलं नाही. तिनेच काढलं. म्हणाली, त्या दिवशी विल्सन हसत हसत आला होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, आज पोरगी भांडली माझ्याशी. तोंडावर बोलली. आता टेबलापुढेही बोलेल.

मी तिच्यासमोर रडले. तिने टिश्यूचा डबा सरकवला, मग म्हणाली, "यल्ला, चल, आता त्या पाच वाइनच्या जेवणाचं काय करायचं? रद्द करू?"

मी नको म्हटलं.

ते जेवण परवा झालं. पहिल्या दोन वाइन रीमाने दिल्या. तिसऱ्या वेळी ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे बघेना. शेफने कोळंबी केली होती, मिरचीची, बऱ्यापैकी तिखट. मी आठ ग्लास भरले. चादरीवर थेंब पडला नाही. बोलायचं इंग्रजीत होतं, मनात सगळं मराठीत येत होतं. एका गृहस्थांनी ग्लास नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, हे खराब तर नाही ना? बाकीचेही ग्लास हुंगायला लागले. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, नाही, खराब नाही. जुन्या रिसलिंगला आधी असा पेट्रोल पंपासारखा वास येतो. त्याच्या मागे मध आहे आणि हिरवं सफरचंद आहे, ते उशिरा येतं. ग्लास हातात धरा, जरा गरम होऊ द्या. पिऊ नका अजून. थांबा.

मामा, आठ माणसं होती. सगळी थांबली.